जळवांची दसरी

तळी आधी झाली की गावं आधी झाली, हे ज्या मुलखात अजून कोणाला ठरवता आलेलं नाही, त्या झाडीच्या मुलखातली ही गोष्ट आहे. फार वर्षांपूर्वीची. तेव्हा हिवरबोडी नावाच्या गावात दसरी नावाची एक ढिवरीण राहत होती. दसऱ्याला जन्मली म्हणून दसरी. ढिवर म्हणजे तळ्यातली मासळी धरणारे लोक. दसरीचा नवरा मासळी धरायचा आणि दसरी जळवा धरायची.

जळू म्हटलं की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे. हिवरबोडीचे लोकही मुरडायचे. पण कोणाच्या पायाला गळू झालं, कोणाच्या गुडघ्यात रक्त साकळलं, कोणाचा डोळा मार लागून काळानिळा झाला, की तेच लोक मुरडलेलं नाक घेऊन दसरीच्या दारात हजर व्हायचे. त्या मुलखात ळ म्हणत नाहीत, र म्हणतात. म्हणून ती सगळ्यांची 'जरूवाली दसरी'. आणि तिकडे बायाही 'मी जातो' असंच म्हणतात.

ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि तळहातानं पाण्यावर हलकेच थोपटायची, जसं आपण मांडीवरच्या लेकराला थोपटतो तसं. पाणी हललं की जळवांना कळतं, कोणीतरी अंगात गरम रक्त असलेलं आलंय. त्या वळवळत यायच्या. दसरी त्यांना चावण्याआधीच बोटांनी उचलायची. जाड डोक्याच्या, अंगावर लव असलेल्या जळवा विषारी म्हणून ती परत सोडायची. पाठीवर हिरवट रेघा असलेल्या बारीक जळवा ठेवायची. त्या तिच्या गाडग्यात राहायच्या, तळ्याच्याच मातीत आणि तळ्याच्याच पाण्यात. वर फडकं बांधलेलं असायचं. जळवा पाणी सोडून गाडग्याच्या काठावर चढून बसल्या की दसरी वाळत घातलेली मासळी आत घ्यायची, आणि मग खरंच वादळ यायचं, असं म्हणतात.

जळू नर असते की मादी, असं तिला कोणी चिडवायला विचारलं तर ती सांगायची की दोन्ही असते, आणि हे खरंच आहे. पण तिनं आपल्यापुरतं सगळ्यांना पोरी ठरवून टाकलं होतं. तिच्या पोरी चावल्या तरी दुखायचं नाही. त्यांच्या थुंकीत असं काही असतं की चावल्या जागी कळ येत नाही आणि रक्त गोठत नाही, झिरपत राहतं. साकळलेलं काळं रक्त आधी ओढतात, पोट भरलं की आपोआप गळून पडतात, आणि मग महिनोन्‌महिने त्यांना काही खायला लागत नाही. ओढून काढली तर मात्र जळू फाटते, आणि तिचे दात आत राहून जखम चिघळते. गळून पडलेल्या जळवेला दसरी हळदीच्या पाण्यात सोडायची. हळद लागली की जळू प्यालेलं सगळं ओकते. मग ती तिला धुऊन, निरखून, तळ्यात माहेरी पोचवायची. एकाचं रक्त प्यालेली जळू तिनं दुसऱ्याला कधी लावली नाही. तिच्या आईनं तिला तसं बजावलं होतं. एकीच्या पोटात दोघांचं रक्त गेलं तर त्या दोघांची गाठ पडते, आणि ती गाठ मग कोणाला सोडवता येत नाही, असं आई म्हणायची. दसरीनं हे इतक्या वेळा ऐकलं होतं की हळद बघितली तरी तिला आईचा आवाज आठवायचा.

त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. चैत्र संपता संपता तळ्याला भेगा पडल्या. मधोमध म्हशी लोळतील एवढाच चिखल उरला. उन्हाळ्यात जळवा मातीत खोल उतरून झोपतात, त्या तशा उतरल्या. दसरीच्या गाडग्यात मूठभर उरल्या होत्या, त्यांना ती जपून होती.

गावात डोमाजी मालगुजाराचं गुऱ्हाळ चालू होतं. मालगुजार म्हणजे गावाचा मालक. तळं त्याच्या आजोबानं बांधलं, विहीर त्याच्या बापानं खोदली, आणि दोन्हींचं पाणी कोणी किती घ्यायचं हे डोमाजी ठरवायचा. माणूस वाईट नव्हता, पण आपण नसलो तर गाव बुडेल अशी त्याची खात्री होती. त्याला एकच मुलगा, लखमाजी. नुकतं मिसरूड फुटलेला, घरचा धनी असून मजुरांच्या बरोबरीनं घाण्याला ऊस लावणारा. त्या दिवशी उसाबरोबर त्याचा उजवा हात घाण्यात गेला. बैलांना काय कळणार? ते आपले गोल फिरत राहिले. ते थांबेपर्यंत बोटं चिरडली होती.

दूरच्या गावाहून त्र्यंबकबुवा वैद्यांना बैलगाडीनं आणलं. बुवा शांत माणूस होते. त्यांनी हाडं बसवली, जखमा धुतल्या, कामट्या बांधल्या. पण दुसऱ्या दिवशी सकाळी फडकी सोडली तर हात कोहळ्याएवढा सुजलेला आणि बोटं जांभळी-काळी. बुवांनी लखमाजीच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं. असं नख दाबलं की पांढरं होतं आणि सोडलं की लगेच लाल होतं, तुम्हीही करून बघा. लखमाजीचं नख काळं ते काळंच राहिलं.

बुवांनी डोमाजीला बाजूला घेऊन सांगितलं की हातात रक्त येतंय, पण बाहेर जायला त्याला वाट राहिलेली नाही. भाताच्या बांधीत पाणी शिरत राहावं आणि पाट बुजलेला असावा, तसं झालंय. रक्त हलतं झालं नाही तर हात सडेल, आणि मग विष वर चढेल. आज सूर्य मावळेपर्यंत रंग पालटला नाही तर मनगटावरून हात कापावा लागेल. हात कापण्याची बुवांना हौस नव्हती, म्हणून त्यांनी लगेच पुढे विचारलं, गावात कोणी जळवा लावणारं आहे का?

अशी दसरी त्या दिवशी मालगुजाराच्या ओसरीवर चढली. एरवी ढिवरांच्या बायका खालच्या पायरीपर्यंतच यायच्या. तिनं कोणाकडे बघितलं नाही. लखमाजी खाटेवर पडला होता, दात आवळून. तिनं त्याचा हात मांडीवर घेतला आणि लावलेलं तेल, लेप, सगळं पाण्यानं धुऊन काढलं, कारण वास लागला तर जळवा तोंड लावत नाहीत. मग फडकं सोडून तिनं एकेक पोर बोटांच्या टोकांवर ठेवली. त्या चिकटल्या. थोड्या वेळानं त्यांची अंगं फुगायला लागली. त्यांच्या तोंडाशी डांबरासारखं काळं रक्त झिरपायला लागलं, मग ते तांबूस झालं. बुवांनी अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. काळ्यावर तांबूस झाक आली. बुवांनी दसरीकडे बघून मान हलवली. अंगठा वाचत होता. बाकीच्या बोटांसाठी निम्म्या जळवा गाडग्यात थांबल्या होत्या.

आता इथं भागरता येते, लखमाजीची आई. सकाळपासून ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ओसरीपुढं सगळं गाव जमलेलं. जो तो येऊन बघायचा, आणि कोणी ना कोणी म्हणायचंच की कसा तरणाताठा पोरगा होता, कसे भरदार हात होते. भागरताला ते 'होते' ऐकवेना. आपल्या पोराला दृष्ट लागली, आणि अजून लागतेच आहे, हे तिच्या मनानं घेतलं. दसरी हळदीचं पाणी कालवायला परसात गेली तेवढ्यात भागरता आत गेली. मुठीत खडेमीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घेऊन आली. पोराच्या अंगावरून मूठ ओवाळू लागली, ओठांतल्या ओठांत पुटपुटत, जशी तिच्या आईनं तिची दृष्ट काढली होती आणि आजीनं आईची. तिचे तळवे घामेजले होते. ओवाळता ओवाळता मीठ बोटांमधून सांडलं. काही लखमाजीच्या ओल्या हातावर सांडलं, काही खाटेशी ठेवलेल्या उघड्या गाडग्यात.

मीठ म्हणजे जळवेचा काळ. हातावरच्या जळवा आखडल्या, वेटोळ्या झाल्या, प्यालेलं ओकत खाली पडल्या. गाडग्यात थोडी खळबळ झाली आणि थांबली.

दसरी परत आली तेव्हा सगळे गाडग्याकडे बघत होते. तिनं गाडग्यात हात घातला. एकेक जळू तळहातावर घेऊन बघितली. एकही हलली नाही. मालगुजारणीच्या अंगावर धावून जावं, तिला गदागदा हलवावं, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याचं तिनं पुढं कधी लपवलंही नाही. पण तिनं मान वर करून बघितलं तर भागरता तशीच उभी होती, मूठ उघडी, तळहाताला मोहरी चिकटलेली, आणि तिला अजून कळलेलंच नव्हतं काय झालं ते. ती विचारत होती, काय झालं, सगळे असे का बघता? आईनं पोराची दृष्ट काढली, यात तिची चूक ती काय दाखवणार?

"मिठानं मेल्या वं माय," दसरी म्हणाली. "सगऱ्या मेल्या."

भागरता तिथंच खाली बसली. बुवांनी पुन्हा नख दाबून बघितलं, पाणी उकळायला ठेवा म्हणाले, आणि आपली पेटी उघडली. सूर्य माथ्यावरून कलला होता.

दसरी डोमाजीपुढं जाऊन उभी राहिली. "मालक, सूर्य पारीखाली जायेपर्यंत थांबा. मी दुसऱ्या आनतो." पार म्हणजे पाळ, तळ्याचा बांध.

तळ्यात आता माती आहे, कुठून आणशील, असं डोमाजीनं विचारलं.

"मातीतूनच आनतो," ती म्हणाली आणि निघाली.

तळ्यात उतरल्यावर तिनं आधी चिखलातल्या म्हशींचे पाय तपासले. जळवा होत्या, पण पिऊन टम्म फुगलेल्या. त्या आता पावसाळ्यापर्यंत कशाला तोंड लावणार नव्हत्या. उपाशी जळवा खाली होत्या, झोपलेल्या, आणि वरची माती कवचासारखी घट्ट. तिनं फावड्यानं भेगा फोडल्या, हातानं माती उपसली. तिची नखं उलटली. एकही जळू दिसली नाही. पाण्याशिवाय त्या उठणार नाहीत हे तिला कळत होतं, आणि पाणी गावात एकाच विहिरीत होतं. तिथं बाया पहाटेपासून रांगेत बसायच्या तेव्हा दुपारी एक घागर मिळायची, आणि तीही मालगुजाराचा माणूस हो म्हणाला तर.

ती विहिरीच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. डोक्यावर घागरी घेऊन बाया घरी निघाल्या होत्या. तिनं त्यांना सांगितलं की तळ्याला पाणी पाजायचंय, प्रत्येकीनं एकेक घागर ओतावी. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. घरी लेकरं तहानलेली होती. आणि कोणासाठी ओतायचं? ज्याचा माणूस विहिरीवर बसून घागरी मोजतो त्याच्या पोरासाठी? कोणी तसं तोंडानं म्हणालं नाही, पण पाय कोणाचे हलेनात. दसरीनं दुसऱ्यांदा सांगितलं नाही. सूर्याकडे बघितलं आणि तिथंच उभी राहिली.

कचराबाई नावाची एक म्हातारी होती. एका वर्षी तिचा पाय दसरीनं वाचवला होता. ती लंगडत तळ्यात उतरली आणि तिनं डोक्यावरची घागर फुटलेल्या मातीवर पालथी केली. आज पेज नाही शिजली तर नाही, असं काहीसं स्वतःशीच म्हणाली. तिच्यामागून दुसरी उतरली, मग तिसरी. ज्यांनी पाणी घरी नेलं होतं त्या ते परत घेऊन आल्या. विहिरीवरचा माणूस धावत आला, त्यानं बघितलं, आणि मग तोच रहाट ओढायला लागला. असं म्हणतात की त्या दुपारी हिवरबोडीत एकाही घरात घोटभर पाणी उरलं नव्हतं, सगळं तळ्यानं पिऊन टाकलं.

माती फुगली, सैल झाली. तिच्यावर बोटभर पाणी उभं राहिलं. दसरीनं लुगडं वर खोचलं, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतली, वाकली आणि तळहातानं थोपटू लागली. काठावर गाव उभं होतं. बराच वेळ काही झालं नाही. तिची सावली लांब व्हायला लागली. तिला वाटलं, खूप खोल गेल्या असतील. तिला वाटलं, मेल्याच असतील. ती थोपटत राहिली.

मग चिखल हलला. एका जागी नव्हे, चोहोकडे. ज्यांनी बघितलं ते सांगायचे, सगळा तळच जागा होऊन दसरीकडे सरकू लागला. तिनं पहिलीला उचलायला हात घातला, पण ती कितीतरी महिन्यांची उपाशी, हातातून सुटली आणि पोटरीला डसली. दुसरी डसली. दसरीचे हात दोन आणि जळवा किती, याचा हिशेब कोण करणार? बघता बघता तिचे दोन्ही पाय काळे झाले.

आणि तेव्हा तिला कळलं की आपण कशात पाय घातला आहे. ओढून काढाव्या तर फाटतील, कामातून जातील. पिऊ द्याव्या तर पोट भरून बसतील, मग लखमाजीला तोंड लावणार नाहीत. हळदीनं ओकायला लावून त्यांना पुन्हा उपाशी करता येईल, पण मग तिच्या रक्ताला लागलेलं तोंड दुसऱ्याच्या हाताला लागणार. आईनं सांगितलेलं तिच्या कानात घुमू लागलं. आजवर तिनं एकदाही ते मोडलं नव्हतं. गाठ पडली तर काय होतं, हे आईनं सांगितलं नव्हतं, आणि म्हणूनच तिला त्याची जास्त भीती होती. वर मालगुजाराच्या घरात सुरी उकळत होती. दसरी हलली नाही. तिनं त्यांना पिऊ दिलं.

काठावरून नवऱ्यानं बाहेर ये म्हणून हाका मारल्या. ती नुसती उभी राहिली, ओठ पांढरे पडले तरी. पोट भरलं तशी एकेक जळू गळत गेली आणि ती तिला अलगद गाडग्यात ठेवत गेली. गाडगं भरलं तेव्हा सूर्य पाळीवर टेकायला आला होता. तिच्या पायांचं रक्त थांबेना. जळू चावल्या जागेचं रक्त असं थोडंच थांबतं? कचराबाईच्या खांद्यावर हात टाकून ती चालत निघाली, आणि तळ्यापासून मालगुजाराच्या दारापर्यंत वाटेवर तिच्या रक्ताची रेघ उमटली. त्या रेघेवर पुढं पळस उगवले, असं म्हणतात. पळस सगळ्या झाडीतच उगवतो, पण हे हिवरबोडीवाल्यांना सांगायला जाऊ नका.

ओसरीवर बुवांनी बाह्या सारल्या होत्या. दसरीनं हळदीचं पाणी मागितलं. परातीत जळवा सोडल्या तसं ते पिवळं पाणी लाल झालं. डोमाजी बघत होता. हे रक्त कोणाचं, असं त्यानं विचारलं, आणि तिच्या पायांकडे बघून त्याला उत्तर मिळालं. त्याचा चेहरा बदलला. ढिवरणीच्या रक्ताला लागलेलं तोंड आपल्या पोराला लावायचं? जात काय म्हणेल, भाऊबंद काय म्हणतील, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं सगळ्यांना वाचता येत होतं. तो हो म्हणेना आणि नाही म्हणायचा धीर होईना. बुवांनी पश्चिमेकडे बघितलं.

दसरी जळवा धूत होती. तिनं मान वर केली. लबाडी करून वेळ निभावून नेणं तिला जमलं असतं, पण तिनं तसं केलं नाही.

"आयका," ती म्हणाली. "हे लावलं तं माही अन् याची रक्ताची गाठ पडन. माही माय सांगे, ते सुटत नाई. मंग मी तुमाले परकी राहात नाई. नाई पटत तं आताच सांगा, मी उठून जातो."

भागरता उठली. दुपारपासून ती जिथं बसली होती तिथून ती पहिल्यांदाच उठली. तिनं आपला हात घासून घासून धुतला होता, त्यावर मिठाचा कणही राहू नये म्हणून कातडी लाल होईपर्यंत. तिनं लखमाजीचा सुजलेला हात उचलला आणि दसरीच्या मांडीवर ठेवला.

"पडू दे गाठ," ती म्हणाली.

दसरीनं पहिली जळू तर्जनीवर ठेवली. ती नुसतीच पसरली. हळदीचा वास असेल, की पुन्हा भूक लागली नसेल? दसरीनं सुईच्या टोकानं कातडीला टोचलं, रक्ताचा काळा थेंब वर आला, आणि जळवेनं तोंड लावलं. मग दुसरी लागली, मग सगळ्या. भागरता पोराचा हात धरून होती आणि दसरीची मान पेंगल्यासारखी खाली जात होती, तशी दुसऱ्या हातानं ती मान वर उचलत होती. पाळीवर सूर्याची नुसती कड उरली. बुवा वाकले. त्यांनी तर्जनीचं नख दाबलं आणि बोट काढलं.

नख पांढरं झालं. आणि मग, सावकाश, लाल झालं.

बुवांनी सुरी फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवली. लखमाजीला काही कळायच्या आत त्याची आई रडायला लागली, आणि दसरी मात्र भिंतीला टेकून तशीच बेशुद्ध झाली. तिला शुद्ध येईपर्यंत बुवा तिच्या उशाशी बसून होते, असं म्हणतात.

लखमाजीचा हात राहिला. करंगळी मात्र वाळून गळाली, ती काही कोणाला वाचवता आली नाही. उरलेल्या बोटांवर जळवांच्या चावण्याच्या खुणा जन्मभर दिसायच्या, बेलाच्या पानासारख्या तीन टोकांच्या. दसरीच्या पायांवरही त्याच खुणा होत्या. डोमाजीनं तिच्या घरी धान पाठवलं, लुगडं पाठवलं, आणि आपल्या बाजूनं विषय मिटवला. माणसाचं असंच असतं. संकट टळलं की त्याला जुन्या रीती आठवतात. दसरी पुन्हा खालच्या पायरीवर बसू लागली. तिनं गाठीचं नाव कधी काढलं नाही. लखमाजी तिला वाटेत भेटला की थांबायचा, काहीतरी बोलावंसं त्याला वाटायचं, आणि न बोलताच पुढं जायचा. विहिरीवर माणूस बसवणं तेवढं डोमाजीनं बंद केलं.

अशी बरीच वर्षं गेली. डोमाजी गेला, लखमाजी मालगुजार झाला, भागरता थकली, तिला नीट दिसेना. मग एका श्रावणात दसरी तापानं गेली. ढिवरांच्या मोहल्ल्यातून रडणं ऐकू आलं तेव्हा मालगुजाराच्या घरात सकाळची चूल पेटलेली होती. भागरतानं विचारलं, कोण गेलं? सुनेनं सांगितलं, ती जरूवाली गेली. म्हातारी भिंत धरत धरत चुलीपर्यंत गेली आणि तिनं तांब्याभर पाणी विस्तवावर ओतलं. सगळे धावत आले. तिला भ्रम झाला असं त्यांना वाटलं.

"लखमाजी," ती म्हणाली, "ऊठ बापू. तुही बहीन गेली. आपल्याले सुतक हाय."

लखमाजी उठला. भाऊबंद दारात आडवे आले, त्यांना बाजूला सारून तो बाहेर पडला. अनवाणी ढिवरांच्या मोहल्ल्यात गेला, तिच्या मुलांच्या शेजारी उभा राहिला, आणि चार बोटांच्या त्या हातानं त्यानं तिरडी उचलून खांद्यावर घेतली. तिच्या थोरल्या मुलानं त्याला जागा करून दिली. तोवर ज्यानं त्याला नुसता मालक म्हटलं होतं, त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा मामा म्हटलं.

हिवरबोडीचं तळं अजून आहे. उन्हाळ्यात ते आटलं की घराघरातून बाया एकेक घागर आणून त्याच्या मधोमध ओततात, नळ आले तरी ओततात, आणि तळहातानं तीनदा थोपटून परत येतात. बाजारातून मीठ आणलेलं असलं तर पाळीवरून जात नाहीत, लांबच्या वाटेनं जातात. मालगुजारी केव्हाच गेली. त्या घराच्या आता कितीतरी वाटण्या झाल्या आहेत, काही जण नागपूरला असतात, काही त्याहून दूर. पण ढिवरांच्या त्या घरात कोणी गेलं की फोन जातो, आणि जिथं असतील तिथं ते सुतक धरतात. एखादी नवी सून विचारते, हे आपले कोण? मग घरातली जाणती बाई तिला गॅस बंद करायला सांगते आणि म्हणते, "बहीन लागते आपली."